नववी-दहावीच्या भूमितीत काय वाढून ठेवलंय? कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची तयारी

आठवीपर्यंत भूमिती गणितातच मिसळलेली असते. कोन मोजा, त्रिकोण काढा, क्षेत्रफळ काढा, झालं. राज्य मंडळाच्या शाळेत नववीला ती वेगळी चूल मांडते. गणित भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. दोन पुस्तकं, दोन वह्या, दोन पेपर. पहिल्या घटक चाचणीनंतर वर्गात एक तक्रार हमखास येते: ‘सर, उत्तर बरोबर आहे, मग गुण का कापले?’

त्याचं कारण आधीच कळलं तर वर्ष सोपं जातं. बीजगणितात उत्तर शोधायचं असतं. भूमितीत ते बऱ्याचदा प्रश्नातच छापलेलं असतं. ‘सिद्ध करा की या दोन बाजू समान आहेत’ असं म्हटलं, म्हणजे समान आहेत हे सांगूनच टाकलं. आता विचारलंय ते एवढंच की कशावरून. शाळेच्या आयुष्यात ‘कशावरून’ला गुण देणारा हा पहिलाच विषय, म्हणून तो जड वाटतो. आकृत्यांमुळे नाही, सूत्रांमुळे तर नाहीच.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो. त्याचा आनंद आहेच. पण पास होणं वेगळं आणि भूमिती कळणं वेगळं. प्रमेयं पाठ करून दहावीत चांगले गुण घेतलेली मुलं अकरावी सायन्सला किंवा डिप्लोमाच्या पहिल्या सत्राला अडखळताना मी दरवर्षी पाहतो. हा लेख त्या अडखळण्याच्या आधीचा आहे. नववीच्या जूनपासून दहावीच्या पेपरपर्यंत काय काय येतं आणि प्रत्येक ठिकाणी काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी कंपासपेटी उघडा

नवी पेटी घ्यायलाच हवी असं नाही. मोठ्या भावंडाची असेल तर तपासून घ्या. कर्कटकाचा सांधा सैल असेल तर सहा सेंटिमीटर त्रिज्या घेऊन निघालेलं वर्तुळ परत येईपर्यंत सव्वासहा होतं आणि सुरुवातीचं टोक शेवटाला मिळत नाही. स्क्रू आवळा, तरी ढिला राहिला तर कर्कटक बदला. पेटीतल्या बाकी सगळ्या गोष्टींत तडजोड चालते, कर्कटकात नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कर्कटकाच्या सुईला पावसाळ्यात गंज चढतो. गंजलेली सुई ओलसर कागदात रुतते आणि पान फाडते. सुईला खोबरेल तेलाचं बोट लावून कापडाने कोरडं पुसून ठेवायचं. सांध्याला मात्र तेल लावू नका, तो आणखी सैल होईल. पट्टीचं शून्य झिजलेलं असेल तर एकच्या खुणेपासून मोजा आणि एक वजा करा. दोन्ही गुण्ये पेटीतच राहू द्या, मुलं ते बाहेर काढून हरवतात. पेन्सिल टोकदार हवी आणि कर्कटकातला तुकडा पेन्सिलीसारखाच धारेला लावलेला हवा.

भूमितीची वही शक्यतो डाव्या पानाला कोरी, उजव्याला रेघांची घ्या. डावीकडे आकृती, उजवीकडे सिद्धता. आकृती एका पानावर आणि सिद्धता पान उलटून मागे, अशी वही अभ्यासाला निरुपयोगी असते.

पहिले काही आठवडे: सोपं वाटतं, तिथेच लक्ष द्या

नववीचं पहिलं प्रकरण मूलभूत संबोधांचं असतं. बिंदू, रेषा, प्रतल, रेषाखंड, किरण. ‘हे काय, पाचवीत झालंय’ म्हणून मागचे बाक गप्पा मारू लागतात. खरं तर या प्रकरणात भूमितीचे नियम ठरतात. बिंदू म्हणजे काय याची व्याख्या करत नाहीत, तो मानून चालतात. काही विधानं सिद्ध न करता स्वीकारतात, त्यांना गृहीतकं म्हणतात. त्यांच्या जोरावर जी सिद्ध होतात ती प्रमेयं. सुमारे इ.स.पू. ३०० मध्ये युक्लिडने हीच मांडणी करून दाखवली. मोजकी पाच गृहीतकं घेतली आणि बाकीचं सगळं त्यांच्यावर उभं केलं. आपलं पुस्तक आजही साधारण त्याच वाटेने जातं.

याच प्रकरणात ‘जर-तर’ विधान आणि त्याचा व्यत्यास येतो. इथे थोडं थांबा. ‘जर चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात’ हे खरं आहे. उलटं करून पाहा: ‘जर कर्ण समान असतील तर तो चौकोन चौरस असतो.’ हे खोटं, कारण आयताचेही कर्ण समान असतात. विधान खरं म्हणून व्यत्यास खरा ठरत नाही, तो वेगळा सिद्ध करावा लागतो. दहावीपर्यंत हा फरक पुन्हा पुन्हा समोर येणार आहे. गोंधळ झाला की सिद्धता एकाएकी उलटी लिहिली जाते: जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरून सुरुवात.

दुसरी सवय याच दिवसांत लागली पाहिजे. आकृतीवर विश्वास ठेवायचा नाही. आकृतीत दोन रेषा समांतर दिसतात म्हणून त्या समांतर नसतात, प्रश्नात तसं सांगितलेलं असेल तरच. कोन काटकोनासारखा दिसला तरी चौकोनी खूण नसेल तर तो ९०° धरायचा नाही. आकृती नेहमी जरा तिरपागडी काढा. त्रिकोण विचारला की मुलं समभुज काढून ठेवतात आणि मग त्यात जे नाही तेही दिसू लागतं. विषमभुज काढला तर डोळा फसत नाही.

सिद्धता कशी लिहायची, एक उदाहरण शेवटपर्यंत

चार भाग असतात. पक्ष म्हणजे जे दिलंय ते. साध्य म्हणजे जे दाखवायचंय ते. रचना म्हणजे लागली तर काढलेली जादा रेघ. आणि सिद्धता, म्हणजे प्रत्येक ओळीसमोर तिचं कारण.

पुस्तकातलं घेण्याऐवजी काठावर जाऊ. समजा खाडीचा एक अरुंद फाटा आहे, पलीकडे काठालाच एक आंब्याचं झाड आहे आणि पाण्यात न उतरता रुंदी मोजायची आहे. पाठ्यपुस्तकात बिंदूंना रोमन अक्षरं असतात, मी इथे आपली वापरतो. पलीकडच्या झाडाला झ म्हणा. त्याच्या अगदी समोर, अलीकडच्या काठावर अ ही खूण करा. आता काठाकाठाने सरळ वीस पावलं चालून म इथे एक खुंटा ठोका. त्याच रेषेत आणखी वीस पावलं चाला, तिथे ब. ब पाशी पाण्याकडे पाठ करा आणि काठाला काटकोनात आत चालत राहा. थोडं चाललं की मागे वळून पाहायचं. खुंटा आणि झाड एका रेषेत दिसले की थांबा. तो बिंदू क. आता ब पासून क पर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. तीच खाडीची रुंदी.

(काठ म्हणजे जेटीची भिंत किंवा बांध धरा. नुसती पाण्याची कड धरलीत तर भरती-ओहोटीबरोबर रुंदीही बदलेल आणि दोष बिचाऱ्या प्रमेयाला.)

वीस पावलं चालून हे जमतं, हे डोळ्यांना पटतं. वर्गात त्यावर गुण नाहीत. गुण यावर आहेत:

पक्ष: कोन मअझ = कोन मबक = ९०°; मअ = मब; बिंदू झ, म, क एका रेषेत आणि अ, म, ब एका रेषेत.
साध्य: अझ = बक.
सिद्धता: त्रिकोण मअझ आणि त्रिकोण मबक यांत,
कोन मअझ ≅ कोन मबक … (प्रत्येकी ९०°, पक्ष)
बाजू मअ ≅ बाजू मब … (पक्ष)
कोन अमझ ≅ कोन बमक … (विरुद्ध कोन)
∴ त्रिकोण मअझ ≅ त्रिकोण मबक … (कोबाको, म्हणजे कोन-बाजू-कोन कसोटी)
∴ बाजू अझ ≅ बाजू बक … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)

आता यात मुलं कुठे घसरतात ते पाहा. एक, पक्षात ‘झ, म, क एका रेषेत’ हे लिहीतच नाहीत. पण विरुद्ध कोन मिळतात तेच त्याच्यामुळे. ते नसेल तर तिसरी ओळ हवेतच राहते. दोन, त्रिकोणांची नावं कशाही क्रमाने लिहितात. मअझ ≅ मबक म्हटलं की म ची जोडी म शी, अ ची ब शी, झ ची क शी. हा क्रम म्हणजेच संगती. ‘त्रिकोण मअझ ≅ त्रिकोण कबम’ असं लिहिलंत तर बाकी सगळं बरोबर असूनही ओळ चुकली, आणि पुढच्या ओळीत भलत्याच बाजू समान निघतील. तीन, कंसातलं कारण ‘आकृतीवरून’. हे कारणच नाही. चार, शेवटची ओळ राहून जाते. एकरूपतेपाशी पोचल्यावर हायसं वाटतं आणि साध्य लिहायचंच विसरतं.

कसोट्या पाच आहेत: बाकोबा, कोबाको, बाबाबा, कोकोबा आणि काटकोन त्रिकोणासाठी कर्णभुजा. नावं तालात आहेत म्हणून लवकर पाठ होतात आणि त्याच तालात मुलं ‘बाबाको’ही लावून मोकळी होतात. बाबाको नावाची कसोटी नाही. कोन दोन बाजूंच्या मधलाच हवा. का, ते स्वतः काढून पाहा. ३०° चा कोन काढा. त्याच्या एका भुजेवर शिरोबिंदूपासून ६ सेंमीवर खूण करा. त्या खुणेवर कर्कटकाची सुई ठेवून ४ सेंमी त्रिज्येचा कंस दुसऱ्या भुजेवर टाका. कंस दोन ठिकाणी छेदतो. मापं तीच, त्रिकोण दोन. एवढं एकदा हाताने काढलेला मुलगा पुन्हा बाबाको लिहीत नाही.

प्रमेय पाठ करायचं का?

विधान पाठ करा, शब्दन् शब्द. सिद्धता पाठ करू नका. विधानातला एक शब्द सुटला तर अर्थ बदलतो. सिद्धतेला मात्र अनेक वाटा असतात आणि तुमची वाट बरोबर असेल तर गुण मिळतात.

माझी पद्धत अशी. वर्गात प्रमेय झालं की घरी त्याच संध्याकाळी पुस्तक बंद करून आकृती काढा, अक्षरं बदलून. पुस्तकात ABC असेल तर तुम्ही PQR घ्या. मग पक्ष आणि साध्य लिहा. इथपर्यंत जमलं नाही तर विधानच कळलेलं नाही, परत वाचा. पुढे साध्याकडून मागे विचार करा: ‘हे मिळवायला मला काय लागेल?’ बाजू समान दाखवायच्या आहेत, म्हणजे एकरूप त्रिकोण हवेत. ते कुठे दिसतात? दिसत नसतील तर कुठली रेघ ओढली की दिसतील? असं मागे मागे जात पक्षाशी गाठ पडली की उलट क्रमाने लिहून काढा. अडलात तर पुस्तकातली फक्त पुढची एकच ओळ पाहा आणि पुन्हा बंद करा.

दुसऱ्याला समजावणं हा तर रामबाण. वाडीत धाकटं भावंड असेल, आजी असेल, कोणीही चालेल. आजीला भूमिती येत नाही ही अडचण नाही, ‘पण असं कशावरून म्हणतोस?’ एवढं तिने विचारलं तरी बास.

नववीतली बाकी प्रकरणं

समांतर रेषा आणि छेदिका: संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन. हे तीन ओळखता आले पाहिजेत, तेही रेषा तिरक्या फिरवल्या तरी. दहावीच्या समरूपतेत हेच कोन लागतात. त्रिकोण हे प्रकरण सगळ्यांत मोठं आणि महत्त्वाचं, त्यावरच वर बोललो. चौकोनात समांतरभुज, समभुज, आयत, चौरस यांचे गुणधर्म एका तक्त्यात मांडा, पाठांतर निम्मं होईल. वर्तुळाची सुरुवात जीवेपासून होते. निर्देशक भूमिती बहुतेकांना आवडते, कारण आलेखाचा कागद मिळतो. पृष्ठफळ-घनफळात सूत्रं आणि एककं, बाकी विशेष काही नाही.

दहावी: गाडी इथून वेग घेते

सध्याच्या पुस्तकात सात प्रकरणं आहेत: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. अभ्यासक्रम बदलत असतो, त्यामुळे तुमच्या वर्षाचं पुस्तक हाच शेवटचा शब्द.

*समरूपता.* नववीत आकार आणि माप दोन्ही सारखं लागत होतं, आता फक्त आकार. इथे दोन कोन सारखे निघाले की काम होतं. आपल्या आगरात हे मोजून पाहा. माड नको, पोफळ निवडा. एक मीटरची काठी उन्हात सपाट जमिनीवर सरळ उभी करा, तिची सावली मोजा. समजा ८० सेंमी आली. त्याच वेळी पोफळीची सावली मोजा, समजा १२ मीटर. सूर्याची किरणं समांतर, दोन्ही त्रिकोण काटकोनी, म्हणून कोको कसोटीने समरूप. उंची भागिले १२ = १ भागिले ०.८, म्हणजे उंची १५ मीटर.

माड का नको? तो वाकलेला असतो. वाकलेल्या झाडाची सावली बुंध्यापासून मोजली तर गणित चुकतं. सावली शेंड्याच्या थेट खालच्या बिंदूपासून मोजायला हवी, आणि तरीही मिळते ती शेंड्याची जमिनीपासूनची उंची, खोडाची लांबी नव्हे. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला समरूपता कळली असं मी समजतो. पुस्तकातल्या विजेच्या खांबांना वाकायची परवानगी नसते, त्यामुळे हा प्रश्न तिथे येतच नाही.

गुणोत्तर मांडताना वरचं-खालचं उलटं होतं, ही इथली नेहमीची चूक. त्रिकोणांची नावं संगतीने लिहिली असतील तर गुणोत्तरं नावावरूनच वाचता येतात, आकृतीत शोधत बसावं लागत नाही.

*पायथागोरस.* प्रमेय सातवीपासून माहीत असतं. नवं काय, तर सिद्धता, भूमितीमध्य, अपोलोनियसचं प्रमेय आणि व्यत्यास. व्यत्यास गावात बघायला मिळतो. चिऱ्याच्या घराचा पाया आखताना गवंडी कोपऱ्यातून एका बाजूला तीन फुटांवर, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण करतो आणि दोन खुणांमध्ये टेप लावतो. बरोबर पाच फूट आले तर कोपरा गुण्यात आहे. मोठ्या पायाला सहा, आठ, दहा घेतात, चूक कमी राहते. त्याला काटकोन आधी माहीत नाही, बाजूंवरून तो काटकोन ठरवतोय. म्हणजे तो पायथागोरसचं प्रमेय वापरत नाही, व्यत्यास वापरतो. परीक्षेत ‘५, १२, १३ बाजू असलेला त्रिकोण काटकोन आहे का’ असं आलं की कारणात ‘पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास’ असंच लिहा.

*वर्तुळ.* प्रमेयांची संख्या इथे सगळ्यांत जास्त: स्पर्शिका, अंतर्लिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका. सगळी एका रात्रीत पाठ करायला गेलात तर सगळी एकमेकांत मिसळतील. प्रत्येकाची छोटी आकृती एकाच मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा, खाली फक्त विधान. एक प्रयोग सांगतो, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे कायमचं डोक्यात बसेल. डब्याचं लहान झाकण कागदावर ठेवून कड गिरवा. गुण्याचा काटकोनी कोपरा त्या वर्तुळावर कुठेही टेकवा. गुण्याच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडा. हा व्यास. कोपरा दुसरीकडे टेकवून आणखी एक व्यास काढा. दोन्ही जिथे छेदतील तिथे केंद्र. कर्कटकाशिवाय.

*भौमितिक रचना.* सरावाने पूर्ण गुण देणारं प्रकरण. आधी कच्ची आकृती, तीत मापं भरायची, मग पक्की. स्पर्शिका काढायच्या दोन पद्धती आहेत, केंद्र वापरून आणि केंद्र न वापरता. प्रश्नात कुठली विचारलीय ते दोनदा वाचा. कंस पुसू नका. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर तशी सूचनाच असते की रचनेच्या खुणा स्पष्ट हव्यात, पुसायच्या नाहीत. स्वच्छतेच्या हौसेपोटी कंस खोडणारी मुलं आपले गुण स्वतःच्या खोडरबराने घालवतात.

*त्रिकोणमिती.* उन्नत कोन (वर पाहताना) आणि अवनत कोन (खाली पाहताना), दोन्ही क्षितिजसमांतर रेषेपासून मोजतात. अवनत कोन उभ्या मनोऱ्यापासून मोजणं ही जवळजवळ साथीच्या रोगासारखी चूक आहे. दीपगृहाच्या दिव्यापासून होडीकडे पाहताना अवनत कोन ३०° असेल, तर दिव्यातून आधी आडवी तुटक रेघ ओढा आणि कोन तिच्या खाली दाखवा. तो होडीपाशी खालच्या त्रिकोणात ३०° म्हणून उतरतो, का, तर व्युत्क्रम कोन. नववीचं दुसरं प्रकरण इथे कामाला आलं. दिवा समुद्रसपाटीपासून ४८ मीटरवर असेल तर होडीचं अंतर ४८√३, म्हणजे सुमारे ८३ मीटर. आणि उंची म्हणजे नुसता मनोरा नव्हे. रत्नदुर्गाजवळचं दीपगृह पाहिलं असेल तर कळेल, खालचा कडाही त्यात धरावा लागतो. शाब्दिक उदाहरणात ‘पायथ्यापासून’ आणि ‘समुद्रसपाटीपासून’ यातला फरक त्यासाठी वाचायचा.

वादळात मोडलेल्या झाडाचं उदाहरण तर ठरलेलं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या पोरांना ते समजावून सांगावं लागत नाही. झाड मधेच मोडलं, शेंडा बुंध्यापासून १२ मीटरवर जमिनीला टेकला, जमिनीशी कोन ३०°. उभा उरलेला भाग १२ × टॅन ३०° = ४√३, मोडून कललेला भाग १२ भागिले कॉस ३०° = ८√३. मूळ उंची दोन्हींची बेरीज, १२√३, सुमारे २०.८ मीटर. बेरीज करायची राहते, एवढंच जपा.

*निर्देशक भूमिती आणि महत्त्वमापन.* पहिल्यात वजा चिन्हं सांभाळा, अंतराच्या सूत्रात कंसासकट किंमती भरा. दुसऱ्यात तिरकस उंची आणि उभी उंची यांची अदलाबदल टाळा, आणि π ची किंमत प्रश्नात दिलीय तीच घ्या. बादलीच्या उदाहरणात शेवटी लीटर विचारतात, १००० घन सेंमी म्हणजे एक लीटर.

तासाला काय करायचं

सर किंवा बाई फळ्यावर आकृती काढत असतात तेव्हाच तुम्हीही काढा, पूर्ण झाल्यावर नाही. कुठली रेघ आधी आली, कुठली नंतर, हे तयार आकृतीत दिसत नाही आणि प्रमेयाचा अर्धा विचार त्या क्रमातच असतो. फळ्यावरचं उतरवताना कंसातली कारणं आधी उतरवा. वेळ कमी पडून तीच सुटतात.

शंका विचारताना ‘सर, काहीच कळलं नाही’ म्हणू नका, त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. ‘चौथ्या ओळीत हे दोन कोन समान कसे झाले?’ असं विचारा. पाच सेकंदांत उत्तर मिळतं.

क्लासबद्दल स्पष्टच बोलतो. तालुक्याच्या गावी क्लासला जाण्यात एसटीचे दीड-दोन तास जात असतील, तर भूमितीसाठी तरी तो सौदा तोट्याचा आहे. तेवढा वेळ घरी आकृत्या काढल्यात तर जास्त मिळेल. गाईड वापरायला हरकत नाही, पण उत्तर स्वतः लिहून झाल्यावर पडताळायला. आणि ‘आम्ही खेड्यातले, गणित शहरातल्यांना’ हे मनातून काढा. दापोलीजवळच्या मुर्डीत १८७६ साली जन्मलेले र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय.

पालकांना एवढंच सांगणं की भूमिती येत नसली तरी वही पाहता येते. प्रत्येक ओळीसमोर कंसात काही लिहिलंय का, एवढं बघा. कंस रिकामे दिसले तर पोराला विचारा.

आपल्या सुट्ट्या धरून वेळापत्रक

इतर भागांतली वेळापत्रकं इथे चालत नाहीत. गणपतीच्या सुट्टीत चाकरमानी आले, घर भरलं, आरत्या-भजनं रात्रीपर्यंत, तेव्हा अभ्यासाचा आव आणू नका. त्याआधी जून ते ऑगस्ट पाऊस कोसळत असतो आणि बाहेर फारसं जाता येत नाही. दहावीची समरूपता, पायथागोरस आणि जमलं तर वर्तुळाची सुरुवात तेव्हाच उरका. लाईट गेली तरी प्रमेयाची आकृती खिडकीच्या उजेडात काढता येते. ऑक्टोबरात भातकापणी असते, शेतावर जावं लागणाऱ्यांनी रचना प्रकरण तेव्हा घ्यावं, ते तुकड्या-तुकड्याने होतं. दिवाळीनंतर त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. डिसेंबर-जानेवारीत फक्त जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि शिमगाही साधारण तेव्हाच येतो. पालखी घरी येणार त्या दिवशी घरात बसवणार नाही कोणी, पण कुठल्या दिवशी येणार ते आधी विचारून त्याप्रमाणे उजळणी पुढे-मागे करा.

पेपरचे दोन तास

भाग २ चा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. भाग १ चेही ४०, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. सध्याची रचना अशी: पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे, मिळून ८. दुसऱ्यात दोन गुणांचे, त्यात काही कृती पूर्ण करायच्या, मिळून १२. तिसऱ्यात तीन गुणांचे, मिळून ९. चौथ्यात चार गुणांचे दोन, म्हणजे ८. पाचव्यात तीन गुणांचा एक.

बहुपर्यायीत पहिलं लिहिलेलं उत्तरच तपासतात, खोडून दुसरं लिहिलंत तर उपयोग नाही. म्हणून आधी कच्चं काम, मग पर्याय. कृतीच्या प्रश्नात चौकटी रिकाम्या असतात आणि सिद्धता अर्धी लिहून दिलेली असते. वरची आणि खालची ओळ वाचली की मधली चौकट बहुधा सांगून जाते. कारणं लिहिण्याची सवय असलेल्यांना हे गुण हातात आल्यासारखे असतात. गाईडच्या सिद्धता घोकलेल्यांना मात्र इथे अक्षरं बदलली की घाम फुटतो.

प्रमेयाच्या सिद्धतेत आकृती नसेल तर सिद्धता अपुरी धरतात. आकृती पेन्सिलने, लेखन पेनने. रचनेचा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलू नका, घाईत कर्कटक सरकतं. साधारण तासाभराने तो घ्या, डोक्यालाही बदल मिळतो. चौथ्या-पाचव्या प्रश्नात पुस्तकात नसलेलं काहीतरी येतं. ते पाहून हबकू नका, पक्ष, साध्य आणि नीट आकृती एवढं तर लिहाच. त्यालाही गुण मिळू शकतात, आणि बऱ्याचदा आकृती काढता काढताच पहिली ओळ सुचते. शेवटची पाच मिनिटं फक्त एककांसाठी आणि रिकाम्या कंसांसाठी ठेवा.